कालच्यासारखं नाही

आमच्या मराठवाड्यात माणूस आजारी आहे की नाही हे कपाळ ठरवतं. आल्यागेल्यानं पालथा हात कपाळाला लावायचा, 'अंग तर गार आहे' म्हणायचं आणि विषय संपवायचा. ताप असला तर दवाखाना, सलाईन, ताकदीचं इंजेक्शन. ताप नसला तर 'वय झालंय'. सत्तरी-पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या बाबतीत हा हिशोब सपशेल चुकतो आणि चुकला की बऱ्याचदा जिवावर बेततं.

मी आयुष्यभर एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र विभागात नोकरी केली, म्हणजे लोक जिला 'कल्चरची लॅब' म्हणतात तिथं. जंतू मला ओळखू यायचे, वासावरूनसुद्धा. पण ज्याच्या लघवीतून, थुंकीतून, जखमेतून ते यायचे तो माणूस कधी दिसायचा नाही. बाटलीवर नाव, वय, वॉर्ड, बस्स. निवृत्त झाल्यावर आत्याच्या निमित्तानं वृद्धाश्रमात जाणं-येणं सुरू झालं, आणि बाटलीच्या पलीकडचं माणूस कसं आजारी पडतं ते बघायला मिळालं. शिकवलं ते तिथल्या मावश्यांनी.

आधी त्या तापाचं सांगते. जंतू शिरला की रक्तातल्या पांढऱ्या पेशी काही रसायनं सोडतात, ती मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्राला कळवतात, स्नायू थरथरून ऊब तयार करतात, माणसाला हुडहुडी भरते आणि ताप चढतो. म्हातारपणी ही सगळी साखळीच मंदावते. स्नायू झिजलेले, पेशी सुस्तावलेल्या. गंभीर जंतुसंसर्ग झालेल्या म्हाताऱ्यांत पाचातल्या एकाला तरी म्हणण्यासारखा ताप येतच नाही. त्यात बऱ्याच जणांचं नेहमीचं तापमानच ९७ अंशांच्या आसपास असतं. त्यांच्या अंगात ९९ म्हणजे दोन अंशांची चढ झाली, पण थर्मामीटर बघणारा म्हणतो नॉर्मल. शिवाय गुडघे दुखतात म्हणून सकाळ-संध्याकाळ पॅरासिटामॉल चालू असते, ती उरलासुरला तापही झाकून टाकते.

अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००८ साली वृद्धाश्रमांसाठी ताप कशाला म्हणायचं हे ठरवून दिलं. तोंडात थर्मामीटर ठेवून एकदा जरी १०० फॅरनहाइटच्या वर गेला, किंवा वारंवार ९९ च्या वर राहिला, किंवा त्या माणसाच्या नेहमीच्या तापमानापेक्षा दोन अंशांनी जास्त भरला, तर तो ताप. पहिल्या दोन गोष्टी थर्मामीटर सांगतो. तिसरीसाठी त्या माणसाचं नेहमीचं काय हे माहीत लागतं. आणि ते आपल्याकडं कुणाच्याच कागदावर नसतं.

मग ताप नाही तर काय दिसतं? कालपर्यंत भिंत धरून संडासला जाणारे बाबा आज पडतात. एरवी सगळ्यांची विचारपूस करणारी आजी दुपारभर झोपून राहते. घास तोंडातच धरून बसते. अंथरूण ओलं होतं. रात्री उठून मेलेल्या भावाला हाका मारते. घरच्यांना वाटतं म्हातारचळ. कुणी म्हणतं बाहेरचं झालं, लिंबू उतरवा. कुणी पुण्याच्या लेकाला फोन लावतो की आता काही खरं दिसत नाही, येऊन जा. आणि मुळात असतो लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, वेळेत धरला तर बरा होणारा.

आत्याचं हेच झालं असतं. आत्या अहमदपूरकडची, तोंडानं फटकळ. वृद्धाश्रमात तिचा दिवस चहाच्या भांडणानं उगवतो. साखर कमी, दूध पाणचट, कप नीट धुतलेला नाही, यातलं एक तरी असतंच. एके दिवशी सकाळी तिथल्या मावशींचा मला फोन आला.

"ताई, म्हातारी आज कालच्यावानी नाही."

"ताप आहे का?"

"ताप नाही. चहा दिला तर मुकाट्यानं पिली. शिव्या बी दिल्या नाहीत. मला तर कायतर येगळंच वाटायलंय."

व्यवस्थापकांना विचारलं तर त्यांनी आकडे वाचून दाखवले. तापमान ९८, बीपी बरं, शुगर बरी. "मॅडम, वय झालंय, थोडं खाली-वर होणारच." त्यांचंही खोटं नव्हतं, त्यांच्याकडं तेवढेच आकडे होते.

मी गेले तेव्हा आत्या उशाला टेकून बसली होती. मला ओळखलं, पण माझ्या आईचं नाव घेऊन हाक मारली. खोकला नाही, कफ नाही. मी घड्याळ हातात धरून तिच्या छातीवरच्या पदराकडं बघत बसले. पूर्ण एक मिनिट मोजायचं असतं. पंधरा सेकंद मोजून चारानं गुणायची सवय वाईट. पदर तीस वेळा वर-खाली झाला. धडधाकट माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. वृद्धाश्रमातल्या माणसाचा श्वास पंचवीसवर गेला की न्यूमोनियाचा संशय घ्यावा असं त्याच २००८ च्या पुस्तिकेत आहे. मावशींनी ते पुस्तक पाहिलेलं नाही. त्यांनी चहाच्या शिव्या मोजल्या.

एक्स-रेत उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा निघाला. उजवाच का, तर श्वासनळीची उजवी फांदी जास्त सरळ आणि रुंद असते. गिळताना चुकलेला घास, झोपेत ओघळलेली लाळ तिकडंच उतरते. आणि लाळेबरोबर उतरतात तोंडातले जंतू. आत्या साठ वर्षं मिश्री लावत आलेली. उरलेल्या दातांच्या मुळाशी काळं कीट, वरच्या जबड्याला कवळी, ती रात्रीसुद्धा तोंडातच. आपल्याकडं म्हाताऱ्यांचे दात ही कुणाच्या यादीतली गोष्टच नाही. दात पडायचेच, असं धरून चाललेलं असतं. जपानमधल्या ११ नर्सिंग होममध्ये दोन वर्षं एक अभ्यास झाला, २००२ साली तो छापून आला. जेवणानंतर दात घासून देण्याची शिस्त लावलेल्या गटात ११ टक्के लोकांना न्यूमोनिया झाला, बाकीच्यांत १९ टक्के लोकांना. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत एवढा फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. तरी एक ब्रश आणि रात्री कवळी काढून पाण्यात ठेवणं, याला खर्च तो किती? लस टोचून घ्यायची तर तिथं पदरचे पैसे मोजावे लागतात. न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूवरची लस लहान लेकरांना सरकारी कार्यक्रमात फुकट मिळते, आजी-आजोबांना नाही.

आत्या बरी झाली. आता लघवीकडं वळते, कारण वृद्धाश्रमात सगळ्यात जास्त गोंधळ तिथं आहे.

हे वर जे लिहिलं ते वाचून कुणी असं समजेल की म्हातारं माणूस जरा बरळलं की लघवी तपासून अँटिबायोटिक सुरू करायची. नेमकं तसंच चाललंय आणि तेही चूक आहे. वृद्धाश्रमात राहणाऱ्या बायकांची लघवी सरसकट तपासली तर चौथाई ते निम्म्या बायकांच्या लघवीत जंतू सापडतात. त्यांना जळजळ नसते, पोटात दुखत नसतं, काही म्हणजे काही नसतं. जंतू तिथं नुसते राहतात. त्यांना मारायला गेलं तर ते थोड्या दिवसांत परत येतात आणि येताना औषधाला न जुमानणारे होऊन येतात. लघवीला वास येतो, गढूळ दिसते, एवढ्यावरून संसर्ग ठरत नाही. बऱ्याचदा माणसानं पाणी प्यायलेलं नसतं, इतकंच. तेव्हा आधी दोन पेले पाणी पाजून बघावं, ताप, श्वास, दुखणं याकडं लक्ष ठेवावं, आणि मग बाटली उचलावी.

त्यात नमुना आणायची तऱ्हा. लॅबमध्ये मी हे रोज बघायची. लघवीच्या पिशवीच्या तळातून काढलेली लघवी बाटलीत भरून यायची. पिशवी दोन दिवसांची, वॉर्डात टांगलेली, मे महिन्यातली. ई-कोलाय या जंतूला सोयीचं हवामान मिळालं तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. सकाळी सातला भरलेली बाटली रिक्षानं अकराला आमच्या खिडकीवर आली की आतल्या शंभराचे किती झाले असतील ते तुम्हीच मांडा. लघवी दोन तासांत लॅबला पोचली पाहिजे, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवली पाहिजे. मिलिलिटरला एक लाख जंतू असले तर संसर्ग धरायचा, ही रेषा १९५० च्या दशकात एडवर्ड कास या डॉक्टरांनी आखून दिली. उन्हात तापलेली बाटली ती रेषा खिडकीवर येईपर्यंत ओलांडते. दुसऱ्या दिवशी जंतू वाढवायच्या प्लेटवर त्यांच्या मोहरीएवढ्या गुलाबी वसाहती गच्च उगवलेल्या. क्लेबसिएला असला तर तारा सुटणाऱ्या, चिकट. प्रोटियस असला तर प्लेटभर लाटांवर लाटा पसरलेल्या आणि झाकण उघडताच दुर्गंधी. स्यूडोमोनास हिरवट, आणि वास मात्र गोडसर, द्राक्षांसारखा. नव्या पोरी तो वास घेऊन हसायच्या. रिपोर्ट जायचा. तो रुग्ण खरंच आजारी आहे का, हे विचारायची सोय रिपोर्टाच्या कागदावर नसते.

आणि लघवीची नळी. हिच्याबद्दल माझा राग आहे तो लपवत नाही. मांडीचं हाड मोडलं म्हणून म्हातारी दवाखान्यात जाते, ऑपरेशन होतं, नळी घालतात. सुट्टी होते, म्हातारी नळीसकट परत येते. काढायची कधी हे डिस्चार्जच्या कागदावर नसतं. वृद्धाश्रमाला ती सोयीचीच वाटते, चादरी ओल्या होत नाहीत. नळी राहिली की रोजच्या रोज शंभरातल्या तीन ते सात जणांच्या मूत्राशयात नव्यानं जंतू शिरतात. महिनाभर राहिली की जवळजवळ कुणीच सुटत नाही. रबराच्या आतल्या बाजूनं जंतू बुळबुळीत थर धरतात, त्या थरात औषध पोचत नाही. आम्हाला एका बाबांची नळी आठवडे उलटल्यावर दिसली. त्यांच्या सुनेला विचारलं, तर ती म्हणाली, "डॉक्टरांनी घातलीय, डॉक्टरच काढतील ना." तिचं तरी काय चुकलं?

मग औषधांचं. अँटिबायोटिकच्या छोट्या कागदी टिकल्या प्लेटवर ठेवायच्या, दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती जंतू न उगवलेलं स्वच्छ कडं किती मोठं ते पट्टीनं मोजायचं. कडं मोठं तर औषध लागू, रिपोर्टात एस. कडं नाही तर आर. मी नोकरीला लागले तेव्हा साध्या-साध्या औषधांना कडी असायची. जाताजाता असे रिपोर्ट लिहिले की वरपासून खालपर्यंत आर, आर, आर आणि अगदी तळाला कोलिस्टिन. कोलिस्टिन हे १९५० च्या दशकातलं औषध, किडनीला मारतं म्हणून डॉक्टरांनी बाजूला टाकलेलं. दुसरं काही उरलं नाही म्हणून माळ्यावरून खाली काढलं. ऐंशी वर्षांच्या किडनीला ते कसं सोसायचं? मेरोपेनेमसारखी भारी इंजेक्शनं निकामी करणारा एनडीएम-१ हा एन्झाइम २००९ साली जगापुढं आला तो लघवीच्याच संसर्गातून. भारतीय वंशाचा स्वीडनचा माणूस, दिल्लीत उपचार घेऊन गेलेला, आणि त्याच्या लघवीत क्लेबसिएला. नावात दिल्ली घातली म्हणून २०१० मध्ये आपल्याकडं केवढा गदारोळ झाला. नावावरून भांडलो, मेडिकलच्या काउंटरवरून दोन-दोन गोळ्या मागणं काही सोडलं नाही. १ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ ही औषधांची यादी लागू आहे. त्यातली औषधं चिठ्ठीशिवाय देऊ नयेत, चिठ्ठीवर दिली तरी रजिस्टरला नोंद पाहिजे. आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला मी त्या रजिस्टरबद्दल विचारलं होतं. त्यानं मला पाणी विचारलं.

जास्त अँटिबायोटिक दिल्याचा आणखी एक भोग म्हणजे जुलाब. आतड्यातले भले जंतू मरतात आणि क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा एक चिवट जंतू माजतो. म्हातारं माणूस दोन दिवसांत वाळून जातं. त्याचे बीजाणू सॅनिटायझरनं मरत नाहीत, साबण लावून वाहत्या पाण्याखालीच हात धुवावे लागतात.

वाहतं पाणी. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते अख्ख्या देशानं टीव्हीवर पाहिलं. तेवढं वाईट दरवर्षी नसतं, पण मार्च सरला की टँकरचा नंबर प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असतोच. वृद्धाश्रमात त्या दिवसांत बादली आणि मग. एकीचं आवरून दुसरीकडं जाताना मावशी त्याच बादलीत हात खळबळतात. हात धुतल्यानं बाळंतिणी वाचतात हे सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरनं १८४७ साली व्हिएन्नात दाखवलं, बरोबर आहे, पण त्याच्याकडं पाणी होतं. वृद्धाश्रमातल्या बायका उन्हाळ्यात आपणहून पाणी कमी पितात. एक तर संडास लांब, दुसरं म्हणजे रात्री कुणाला उठवायचं याचा संकोच. मराठवाड्यातल्या त्या पिढीला पाणी जपून वापरायचं वळण १९७२ च्या दुष्काळानं लावलं आहे, ते पिण्याच्या पाण्यालाही लागू होतं. लघवी थांबली की जंतूंना मुक्काम मिळतो. आमच्या मावशींनी त्यावर काढलेला उपाय बिनखर्ची आहे. पाणी विचारायचं नाही, हातात द्यायचं. कधी पेज, कधी ताक, कधी गोळी घेताना अख्खा पेला. विचारलं की म्हातारी 'नको' म्हणते, हातात दिलं की पिते.

पाठीच्या जखमेचंही तसंच. दोन तासाला कूस बदलावी हे सगळ्यांना पाठ असतं. पंधरा माणसांमागं एक मावशी असल्यावर दोन तासाला कुणाची कूस बदलणार? तरी मी एकदा मावशींचं काम बसून पाहिलं. खाटेवरच्या आजींना कुशीवर घेतलं, कमरेखाली हात घालून चादरीची एक चुणी ओढून सरळ केली, माकडहाडाजवळ दोन बोटं दाबली, उचलली आणि बघत राहिल्या. दाबलेली जागा आधी फिकी पडून मग लाली परत आली. "आली बघा, अजून बरंय." दाबूनही जागा फिकी न पडता लालच राहिली तर कातडीला इजा व्हायला सुरुवात झालेली असते. हे त्यांना एका जुन्या सिस्टरनं सांगितलेलं. मग टाचा बघितल्या. टाचेखाली लुगड्याची घडी अशी ठेवली की टाच हवेत राहावी. हे सगळं करताना आजींशी नातवाच्या लग्नाच्या गप्पा. जखम उघडी पडली, हाडापर्यंत गेली आणि तिथून जंतू रक्तात उतरले की पुढचं अतिदक्षता विभागात चालतं, आणि तिथून फार थोडे परत येतात.

आमच्या भागात वृद्धाश्रम वाढत चाललेत. लेकरं पुण्याला, हिंजवडीला. बीडकडं दसरा-दिवाळीला जोडपी ऊसतोडीला निघतात ती उन्हाळा लागताना परततात, तोवर म्हातारी माणसं गावात एकटी. २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यात दर जिल्ह्याला निराधारांसाठी निदान दीडशे जणांच्या सोयीचा वृद्धाश्रम असावा असं म्हटलंय. खाटा मोजायचं कायद्याला जमतं. खाटेवरचं माणूस काल कसं होतं हे कोण बघणार, त्याचं काही नाही.

अमेरिकेतल्या नर्सिंग होममध्ये यासाठी एक कागद वापरतात, 'स्टॉप अँड वॉच' नावाचा. आज नेहमीपेक्षा वेगळी वाटते का, कमी बोलली का, कमी जेवली का, कमी प्यायली का, चिडली का, जास्त थकलीय का. मदतनिसानं खूण करायची आणि नर्सला द्यायची. बस्स, एवढंच. त्यात विद्वत्ता काही नाही, पण मदतनिसाचं बघणं कागदावर येतं आणि कागदावर आलेल्याची दखल घ्यावी लागते.

मी व्यवस्थापकांच्या मागं लागून रजिस्टरला एक रकाना वाढवून घेतला: 'आज वेगळं काय?' दोघी मावश्या लिहू शकतात, तिसऱ्या सांगतात आणि दुसरीकडून लिहून घेतात. नोंदी अशा असतात: '४ नंबर, भाकर ठिवली, वरण पिल्या.' '९ नंबर, रात्री तीनदा उठल्या, लघवी थेंब थेंब.' '२ नंबर बाबा, पेपर उलटा धरला होता.' या पेपरच्या नोंदीवरून बाबांना दुपारी दवाखान्यात नेलं, रक्तात संसर्ग निघाला, बीपी शंभराच्या खाली. दर गुरुवारी येणारे डॉक्टर पहिल्यांदा त्या रकान्याला हसले होते. आता वही उघडली की आधी तोच वाचतात. मधूनच फुकटची नोंदही असते, '११ नंबर लई बोलायल्यात', म्हणजे नुसती लेक भेटून गेलेली असते. चालायचंच. अशा शंभर नोंदींत एक खरी निघाली तरी मला ती थर्मामीटरपेक्षा स्वस्त वाटते.

मावशींच्या पगाराचा विषय मी मागच्या बैठकीत विश्वस्तांपुढं काढला. बारा तासांची पाळी, महिन्याला दोन सुट्ट्या, आणि हातात जे पडतं त्यात आयसीयूचं एक दिवसाचं बिल भागणार नाही. विश्वस्त मंडळी चांगली आहेत, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. निगराणी वाढवायला हवी हे त्यांनाही पटलं. सीसीटीव्ही बसवायचं ठरलं. बसलेही, एक गेटवर, एक ऑफिसात, एक कोठीत. मावशींना शहरातल्या एका खाजगी दवाखान्यात रात्रपाळीसाठी विचारणा झाली आहे, पैसे इथल्यापेक्षा बरे देतात म्हणे. दिवाळीपर्यंत बघते म्हणाल्या.